आधी नेहमीचं एमए, मग ट्रान्सपर्सनल
कुणीतरी विचारलंय की सोलापुरात बीए मानसशास्त्र करणाऱ्या आपल्या भाचीनं पुढे थेट ट्रान्सपर्सनल सायकॉलॉजीला (ध्यान, भक्ती अशा ‘मी’पलीकडच्या अनुभवांचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा) जावं का. माझं मत, आधी नेहमीचं एमए होऊ दे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती नुसत्या अध्यात्माच्या पदवीवर मिळत नाही.

विषय मात्र थोतांड नव्हे. मानसशास्त्रज्ञ मॅस्लो, मनोविकारतज्ज्ञ ग्रोफ या मंडळींनी १९६०च्या दशकाअखेर तो उभा केला, १९६९ मध्ये त्याचं नियतकालिकही निघालं. हा विषय शिकवणारी सॅन फ्रान्सिस्कोतली सीआयआयएस (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रल स्टडीज) ही संस्था तर हरिदास चौधुरी या श्रीअरविंदांच्या अनुयायानं १९६८ मध्ये काढली. (म्हणजे आपलंच तिकडे डॉलर मोजून शिकायचं!)

अभ्यासाला विषय हवा तर तिला आषाढीच्या आधी पंढरपूरजवळ वाखरीला वारीतल्या रिंगणाला न्या. अश्व धावून गेला की बायाबापड्या त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, काहींच्या डोळ्यांना धार लागलेली असते. ही भावावस्था, थकवा की गर्दीचा परिणाम? हे तपासायला नीट मुलाखती घेता याव्या लागतात, थोडं स्टॅटिस्टिक्सही लागतं. एमएला संशोधन पद्धतीचा पेपर सगळेच कंटाळून काढतात, तिनं तो मन लावून करावा.