बारवेचा गेम: चित्रं सपाट ठेवावीत की खरीखुरी करावीत?

परभणीची_रेघ:
आम्ही तिघं मिळून पीसीसाठी टू-डी गेम करायलोत. दुष्काळात एक पोरगी पाणी शोधत जुन्या बारवेत उतरते आणि खाली जाईल तशी कोडी सोडवत जाते. चारठाणा आणि वालूरच्या बारवा बघून हे सुचलं. वालूरची तर गोल फिरत खाली जाते, काठावर उभं राहिलं की लेव्हलच दिसायला लागते. मी चित्रं हातानं काढायलेय, चित्रकथीच्या (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची जुनी लोककला) धर्तीवर: जाड रेघ, एका बाजूनं दिसणारा चेहरा, मोठा डोळा. आमचा कोडिंगवाला म्हणतोय, असली पोथीतली चित्रं बघून कुणी पैसे देत नसतं, अनरियलमधी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) थ्रीडी करू, दगड खरा दिसला पाहिजे. गेम स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, टाकायचाय. चित्रशैलीनं विक्रीत खरंच फरक पडतो का?

औसा_गेमर:
पडतो की ताई. आमच्याकडं पोरं फ्री फायर खेळतात ती ग्राफिक्ससाठी नाही, हलक्या मोबाइलवर चालतो म्हणून. पण पीसीचं गिऱ्हाईक वेगळं. ते आधी ट्रेलर बघतं, तिथं चकाचक दिसायलाच पाहिजे. मी तरी थ्रीडीच म्हणेन.

गोदाकाठ_नांदेड:
मी मूळचा नांदेडचा, पुण्यात गेमसाठी चित्रं काढतो. ताई, चित्रकथी सोडू नका. पण आपली कला आहे म्हणून खपेल, या भरवशावरही राहू नका.

चित्र बघून माणूस थांबतो आणि तेवढ्यातच ठरवून टाकतो की हा गेम कसला असेल. तो अंदाज आणि गेम जुळले तर ठीक, नाहीतर तीच चित्रं आडवी येतात. 'झेल्डा' या गेममालिकेचं बघा. २००० साली निन्टेन्डोनं दाखवलेल्या झलकेत तिचा नायक लिंक खऱ्या योद्ध्यासारखा लढत होता. पुढच्याच वर्षी मालिकेतला 'विंड वेकर' कार्टूनच्या रूपात समोर आला आणि कित्येक चाहते भडकले, हा तर लहान पोरांचा गेम म्हणून. गेम उत्तम होता. तरी २००६ च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये रूप परत गंभीर झालं आणि तो जास्त खपला. आज मात्र दोन्ही शेजारी लावून बघा, विंड वेकरच ताजा वाटतो. खरेपणा लवकर जुना होतो, हे तुमच्या कोडिंगवाल्याला सांगा.

नुसतं देखणेपणही पुरत नाही. 'ओकामी' (२००६) जपानी शाईच्या चित्रांसारखा होता, समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण विक्री बेताची झाली आणि तो करणारा क्लोव्हर स्टुडिओ पुढच्या वर्षी बंद पडला. याचं मला आजही वाईट वाटतं. उलट 'बॉर्डरलँड्स'चं रूप बरंच काम झाल्यावर बदललं, कॉमिकसारख्या काळ्या रेघा आल्या आणि २००९ मध्ये तो बाकीच्या मातकट बंदूकबाजीत लांबूनच ओळखू यायला लागला. गेमचा स्वभावही तसाच वात्रट होता, म्हणून जमलं.

आता तुमच्या कामाचं. 'कपहेड' (२०१७) एकदा चित्रकाराच्या नजरेनं बघा. १९३० च्या दशकातल्या कार्टूनसारखं सगळं हातानं काढलेलं. मागची दृश्यं जलरंगातली, मऊ. पुढची पात्रं काळ्या शाईच्या पक्क्या रेघेतली. त्यामुळं पडद्यावर कितीही धुमाळी असली तरी पात्र मागच्या चित्रात विरघळत नाही. शिवाय गुलाबी रंगाची वस्तू म्हणजे उडी मारून परतवता येणारी, हे खेळणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. तिथं शैली खेळायला मदत करते, म्हणून तो गेम पहिल्या दोन आठवड्यांत १० लाखांवर खपला, असं मला वाटतं. नुसत्या जुन्या कार्टूनच्या ओढीनं एवढा कठीण गेम कोण घेईल?

चित्रकथीत हे आधीच आहे. पैठण शैलीची चित्रं पुण्यात केळकर संग्रहालयात बघायला मिळतात. त्यातली माणसं एका बाजूनं उभी, डोळा टपोरा, मागं फार पसारा नाही. तुमची पोरगीही डावी-उजवीकडंच चालणार ना? बाहेरच्यांना आपली चित्रं रुचत नाहीत हेही मला पटत नाही. पुण्यातच झालेल्या 'राजी'नं (२०२०) पहाडी चित्रशैली घेतली, कथेचे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितले, आणि तो बाहेरही लोकांनी खेळला. तिघांत खरा दगड करायला गेलात तर तुलना थेट शेकडो माणसं राबणाऱ्या स्टुडिओंशी होईल.

परभणीची_रेघ:
दादा, एक अडचण आहे. बारवेचा दगड काळा, पोरीचं लुगडंही गडद. कागदावर झकास दिसतं, पडद्यावर ती पायऱ्यांत हरवून जाते.

गोदाकाठ_नांदेड:
लुगडं बदला, दगड राहू द्या. चित्र आधी पूर्ण राखाडी करून बघा. त्यातही पोरगी उठून दिसली तरच रंग भरा. जिथं पाय ठेवता येतो त्या पायरीच्या कडेला उजेडाची बारीक रेघ द्या, बाकीच्या पायऱ्या विझवा. निळा रंग फक्त पाण्याला आणि पाण्याकडं नेणाऱ्या खुणांना ठेवा, दुसरीकडं कुठंच नको. स्टीमच्या यादीत तुमचं चित्र बोटाएवढं दिसणार आहे, म्हणून त्यात अख्खी बारव कोंबू नका. पोरीचा चेहरा, तो डोळा आणि खाली अंधारात एक निळा ठिपका, बास.

कोडिंगवाल्याला तोवर एकच बारव साध्या ठोकळ्यांत करायला लावा. उड्या बरोबर बसल्यावरच त्यावर चित्रं चढवा, नाहीतर दर बदलाला तुम्हाला पायऱ्या परत काढाव्या लागतील. पहिलं राखाडी चित्र इथंच टाका, मी त्यावर खुणा करून देतो.