नगरपरिषदेच्या मुलांच्या क्लबात दिव्यांग मुलांसाठी नवा नियम, काय करावं?

सिंधुदुर्गात राहते. लेक 11 वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, वॉकर घेऊन चालते. क्लबात रोज संध्याकाळी कॅरम खेळायची, तिथल्या ताई सांभाळून घ्यायच्या. आता दारावर कागद चिकटवलाय: दिव्यांग मुलांनी फक्त शनिवारी यायचं, पालकाने पूर्ण वेळ बसायचं. त्या वेळी मी मासळी बाजारात असते. पाटी कोणावर टाकून जाऊ? चिऱ्याच्या पायऱ्या पावसात शेवाळतात, त्याचं मात्र कोणाला काही नाही.

उत्तर: ताई, आधी कागदाचा फोटो काढा. ठराव झालाय का, माहिती अधिकारात प्रत मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 30 खेळांबद्दलच आहे, अर्जात लिहा. शिवाय आपल्याकडे नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. रॅम्प, मदतनीस त्यातून मागा. दाद नाही दिली तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार.

उत्तर: गो बाय, अर्ज दी, पण पोचपावती घेतल्याशिवाय थयसून हलू नको. तोंडी 'बघूया' म्हणतत नि चतुर्थी येता.

मूळ प्रश्नकर्ती: फोटो काढला. खाली सही-शिक्का काहीच नाही! उद्या मुख्याधिकाऱ्यांकडे जाते, लेकीला घेऊनच.