मदत हवी आहे : पिक लाइनसाठी ईसीजीवर आधारित यंत्रणा घ्यावी का?

नमस्कार. आमच्या मध्यम आकाराच्या रुग्णालयात केमोथेरपीच्या आणि दीर्घकाळ शिरेतून अँटिबायोटिक घ्याव्या लागणाऱ्या रुग्णांसाठी पिक लाइन (दंडातील शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली लांब, बारीक नळी म्हणजे कॅथेटर) टाकण्याची सोय सुरू करायची असून, खरेदी समितीपुढे मांडायचे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अल्ट्रासाउंडविषयी दुमत नाही. दंडातील बेसिलिक शीर पडद्यावर न पाहता अंदाजाने सुई घालण्याचे दिवस गेले. प्रश्न आहे तो कॅथेटरचे टोक कुठे पोहोचले हे ईसीजीवरून ओळखणाऱ्या यंत्रणेचा. टोक वरच्या महाशिरेतून हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या (वरच्या कप्प्याच्या) तोंडाशी आले की ईसीजीतला पी-तरंग (कर्णिकांच्या विद्युत हालचालीची लाट) सर्वांत उंच होतो आणि आणखी आत गेल्यास त्याचा सुरुवातीचा भाग खाली वळतो. त्यामुळे छातीच्या एक्स-रेसाठी न थांबता औषध सुरू करता येते. मात्र एट्रियल फिब्रिलेशनच्या (कर्णिकांची लय अनियमित झालेल्या) रुग्णांत पी-तरंगच नसल्याने एक्स-रे काही सुटत नाही.

विक्रेते किंमत तत्परतेने सांगतात, पण पुढे कायम त्यांचेच कॅथेटर घ्यावे लागतील का, यावर गुळमुळीत बोलतात, आणि खरा खर्च तर तिथेच आहे. ज्यांच्याकडे ही यंत्रणा आहे त्यांनी कृपया सांगावे की इतर कंपन्यांचे कॅथेटर तिच्यावर चालतात का आणि परिचारिकांचा हात बसायला किती वेळ लागला. शिवाय, शिरेला दाह न करणारे औषध दोन आठवड्यांपर्यंतच द्यायचे असल्यास आपण पिकऐवजी मिडलाइन (दंडातच, काखेच्या अलीकडे संपणारी आखूड नळी) वापरता का?