पानं, गोटे, वाळू, बर्फ: उघड्यावरच्या मांडणीचे अनुभव

जागेवर पडलेलंच सामान वापरून मांडणी करणाऱ्यांनी हातची कृती लिहा. डिंक, तार, सुतळी नको. काय फसतं आणि का, तेही येऊ द्या.

मालवणहून:
वाळूकामाला आधी तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. चतुर्थीला भरती ३ ला, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) सहा तासांनी, ९ च्या सुमारास. साडेसहाला उतरून सरत्या पाण्यामागे काम करत खाली जायचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणामुळे पट्टा रुंद मिळतो, पण सकाळची सुकती पहाटेच, अंधारात उतरावं लागतं. वाळूचा वरचा थर सुकून फिका पडला की दाताळ्याची रेघ गडद उमटते. अजून चकाकणाऱ्या वाळूत रेघ लगेच भरून जाते.

दापोलीहून, वरच्यात भर:
थंडी ते उन्हाळा भरतीरेषेच्या वर खणू नका. वेळास, आंजर्ल्याकडे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तिथेच असतात.

साताऱ्याहून:
दगडी कमानीला सुरुवातीला २ फुटांचा गाळा (दोन टोकांमधलं अंतर) पुरे. दोन टोकांना न हलणारे धोंडे, मध्ये ओल्या वाळूचा ढीग थापून अर्धगोल. त्यावर चपटे दगड उभ्या धारेवर, दोन्हीकडून एकेक करत वर न्यायचे. दगड सारख्याच जाडीचे असले की वरच्या अंगाला फटी राहतात. त्यांत चिपा ठोका. चिप आतल्या अंगाला बसवली तर दगड खाली निसटतो. माथ्याचा दगड शेवटी, घट्ट. मग वाळू दोन्ही तोंडांनी थोडी थोडी काढा, एकाच बाजूने उपसली की कमान तिकडेच कलते. ओढ्यातले गुळगुळीत गोटे घसरतात; भोकाभोकांचा खरबरीत काळा दगड (बेसॉल्ट) घ्या. (अमेरिकेत युटाच्या खाऱ्या सरोवरातली शिल्पकार रॉबर्ट स्मिथसनची १९७० ची चक्राकार मांडणी ‘स्पायरल जेटी’सुद्धा बेसॉल्टचीच.) गडाच्या तटाचे ढासळलेले दगड मात्र उचलू नयेत, कितीही सोयीचे दिसले तरी. आणि दगड उलटताना पलीकडची कड आधी उचला, म्हणजे विंचू निघाला तर दगड मध्ये राहतो.

पुण्याहून:
काट्याने टाचून मांडायला देशी बदामाची गळलेली पानं सगळ्यांत उपयोगी: एकाच झाडाखाली पिवळ्यापासून गर्द तांबड्यापर्यंत रंगांची उतरंड मिळते. कडक वाळलेलं पान काटा घुसताच चिरतं. ताजं हिरवं तोडलंत तर दुपारपर्यंत आकसून टाके सुटतात. सकाळी पडलेली पानं तासभर ओल्या गोणपाटात ठेवून घ्या. एक पान दुसऱ्यावर बोटभर चढवायचं आणि बाभळीचा वाळका काटा शिरेला आडवा घालून वर काढायचा. पत्रावळ लावणाऱ्यांचा हात असाच चालतो. शिरेला समांतर काटा घातला की पान फाटतच जातं. रंग सावलीत लावून बघा, सकाळच्या कोवळ्या उन्हात पिवळं आणि नारिंगी वेगळं ओळखू येत नाही.

पारिजातकाचं काम उजाडल्यापासून तासाभरात उरका. उशीर झाला की पाकळ्या मऊ पडून बोटांना चिकटतात.

नागपूरहून:
अभयारण्यात हे काही करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथून वनोपज हलवायला परवानगी लागते. शेताचा बांध, ओळखीची बाग, गावओढा बरा.

टोरांटोहून:
बर्फाच्या कांड्या पाण्यानेच चिकटतात. टोक पाण्यात कालवलेल्या भुसभुशीत बर्फात बुडवून जागेवर धरा, न हलवता मिनिटभर. उघड्या हाताच्या उबेने सांधा सुटतो, म्हणून पातळ मोजे. तापमान उणे ५ च्या वर असेल तर नादी लागू नये.