एकत्र रांधल्याने अन्नन्याय मिळतो का?

शेवगा:
गेल्या शनिवारी इथे कॅलिफोर्नियात फिलिपिनो शेजाऱ्यांच्या सामूहिक स्वयंपाकाला गेले होते. पिनाकबेट केलं: कारलं, वांगी, भेंडी, लाल भोपळा, आणि चवीला बागोओंग, म्हणजे मीठ घालून आंबवलेली बारीक कोळंबी. डबा उघडला आणि मला माहेरचा जवळा आठवला. मग टेबलावर केळीची पानं अंथरून, मधे भाताची रास घालून सगळे हाताने जेवलो. याला कामायान म्हणतात. कारली चिरता चिरता विषय निघाला, ही भाजी तोडणाऱ्याच्या हातात काय पडतं? माझं मत असं की अन्नन्यायाचं, म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त मोल आणि सगळ्यांना पोटभर अन्न मिळण्याचं बोलणं ओट्यापाशीच व्हावं. सभेत जी बाई तोंड उघडत नाही, ती तिथे बोलते.

भातखाचर:
ताई, जेवण छान झालं असेल, पण न्याय कायद्यात असतो. फिलिपिन्सने २०१९ मध्ये तांदळाच्या आयातीवरची प्रमाणाची मर्यादा काढली, फक्त शुल्क ठेवलं. बाहेरचा तांदूळ आला आणि त्याच वर्षी शेतकऱ्याच्या भाताचा भाव कोसळला. २०२४ मध्ये ते शुल्कही ३५ वरून १५ टक्क्यांवर आणलं. माझ्या घरी भातशेती आहे, भाव पडला की काय होतं ते मी पाहिलंय. केळीच्या पानावरची रास कोणाच्या भावात आली, हे त्या पंगतीत कोणी विचारलं का?

तिरफळ:
कायदा महत्त्वाचा, मान्य. पण आज भूक लागलेल्याने काय करायचं? एप्रिल २०२१ मध्ये फिलिपिन्समधल्या केसॉन सिटीतल्या मागिनहावा रस्त्यावर आना पॅट्रिशिया नॉन यांनी बांबूच्या गाड्यावर तांदूळ, भाज्या ठेवल्या. पाटी होती: ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे न्या. बघता बघता देशभर असे गाडे उभे राहिले. नॉन यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारला गेला आणि भीतीपोटी त्यांना तो गाडा एक दिवस बंद ठेवावा लागला. नुसत्या दानधर्माला कोणी इतकं घाबरतं का?

शेवगा:
भातखाचर, इथल्याच कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावाचं उदाहरण घ्या. ८ सप्टेंबर १९६५ ला मजूरनेते लॅरी इटलियाँग यांच्याबरोबर फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप केला. मळेवाले एका समाजाचा संप दुसऱ्या समाजाचे मजूर आणून मोडायचे. या वेळी आठवड्याभरात मेक्सिकन मजूरही संपात उतरले आणि फिलिपिनो हॉलमध्ये दोघं एका पंगतीला बसले. संप १९७० पर्यंत टिकला. ती चूल नसती तर पाच वर्षं कोण तग धरणार होतं?

भातखाचर:
हे पटलं. पण त्या चुलीमागे मागणी होती, तासाला १ डॉलर ४० सेंट. तुमच्या शनिवारची मागणी काय होती?

शेवगा:
ठरली नव्हती. पुढच्या महिन्यात पुन्हा जमणार आहोत, तेव्हा तुमचा तांदळाच्या भावाचा प्रश्न मी भाजी चिरायला बसल्या बसल्याच मांडते. पण चूल आधी पेटावी की मागणी आधी लिहावी, यावर माझं मत अजून तेच आहे.