केना (शेतातलं तण) तणनाशकाने मरत नाही : एएलएस एन्झाइमची चाचणी कुणी केली आहे का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करतोय. उमरेडकडे काकाजींच्या सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर हे तणनाशक फवारलं, गवत बऱ्यापैकी गेलं, पण केना मात्र थोडा पिवळा पडून पुन्हा हिरवागार! निंदणाला मजूर मिळत नाही, डवरणीला वाफसा नाही, त्यामुळे काकाजी जाम वैतागलेत.

हे औषध अ‍ॅसिटोलॅक्टेट सिंथेज म्हणजे एएलएस अडवतं. व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन ही अमिनो आम्लं तयार करण्याच्या वाटेवरचं हे पहिलं सामाईक एन्झाइम. सोयाबीन वाचतं, कारण ते औषधाचं लवकर विघटन करतं. 

केना फवारणीच्या वेळी मोठा झाला होता, की एन्झाइमच बदललंय? इतर तणांत या एन्झाइमच्या साखळीतलं ५७४ व्या जागेवरचं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बदलल्याची उदाहरणं वाचली आहेत. म्हणून औषध असतानाही एन्झाइम चालतं का ते पाहायला कोवळ्या पानांतून ते काढून पायरुव्हेट द्यायचं, आम्लाने अ‍ॅसिटोलॅक्टेटचं अ‍ॅसिटोइन करायचं आणि त्याचा क्रिएटिन-नॅफ्थॉलशी येणारा रंग ५३० नॅनोमीटरला मोजायचा विचार आहे.

एन्झाइमला लागणारे थायामिन पायरोफॉस्फेट, एफएडी, मॅग्नेशियम बफरमध्ये घालणार आहेच. पण केन्याच्या चिकट पानांचा अर्क गाळायचा कसा? एन्झाइम बर्फावर किती वेळ टिकतं? आणि तुलनेसाठी कधीच न फवारलेल्या जागेचा केना नागपूरजवळ कुठे मिळेल?

शेतीवाल्यांनो, फवारणीच्या वेळी तुमचा केना किती पानांचा होता तेही सांगा.