'फॅक्शन'ला मराठीत काय म्हणायचं? गट, पक्ष की अजून काही?

आरपीजी गेम्सवर, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळांवर, मराठीत लिहायला बसलं की या एका शब्दापाशी गाडी अडते. २०१० चा 'फॉलआउट: न्यू वेगास' घ्या. अणुयुद्धानंतरचं मोहावी वाळवंट, आणि हूव्हर धरण कोणाच्या ताब्यात राहणार यावरून सगळं राजकारण. एकीकडे एनसीआर, म्हणजे कॅलिफोर्नियातलं प्रजासत्ताक, कर, सैन्य सगळं असलेलं, समोर टोळ्या जिंकून माणसं गुलाम करत आलेली सीझरची लीजन, आणि मधे वेगासचा मालक मिस्टर हाउस, एकटा माणूस नि त्याचे रोबो. खेळणारे तिघांनाही फॅक्शनच म्हणतात. मी 'गट' लिहितो पण पटत नाही.

—

गट नकोच. गट म्हटलं की आधी एक घर असतं आणि ते फुटतं, २०२२ पासून शिंदे गट-ठाकरे गट ऐकून ऐकून तर तो अर्थ पक्काच बसलाय. लीजन काही एनसीआरमधून फुटलेली नाही! माझं मत 'पक्ष'ला. लग्नात वरपक्ष असतो, कोर्टात फिर्यादी पक्ष असतो, तिथे कुठे निवडणूक असते?

—

जुना अर्थ बरोबर आहे हो, पण आज वाचणाऱ्याला पक्ष म्हटलं की चिन्ह आणि तिकीटच दिसणार. आणि बोलताना आपण "मी एनसीआरकडून खेळलो" असंच म्हणतो ना, मग सरळ 'बाजू' म्हणा. खेळातलं प्रिम गाव आठवा, शेरीफ, म्हणजे गावचा कायदा सांभाळणारा, मारला गेलाय, नवा कोण ते आपण ठरवायचं. एनसीआरला बोलावलं तर शिपाई येतात पण मागोमाग करही येतो, पूर्वी शेरीफ राहिलेला मायर्स हवा तर तो कैदेत, त्याला माफी मिळवून द्यावी लागते, नाहीतर मग रोबोच्या हाती गाव द्या. कुणी भाषण ठोकत नाही, गाव कोणाच्या हवाली करायचं एवढंच, आणि मला तर राजकारण इतकं जवळून दुसऱ्या कुठल्या खेळात भेटलेलं नाही, लोक इतक्या वर्षांनी परत परत खेळतात ते उगाच नाही.

—

'बाजू' आवडला, तोच घेतो. आता रेप्युटेशनचं सांगा. 'पत' म्हणावं तर पत वाढते किंवा घटते, इथे प्रत्येक बाजूकडे तुमचं नाव आणि बदनामी वेगवेगळी मोजतात, नंतर कितीही भलं केलंत तरी आधीचं वाईट खोडलं जात नाही. याला काय म्हणाल?